तुटक रेघेची बाजू

रेघवाल्यांचा जीव त्या दुपारी थाऱ्यावर नव्हता. विमानतळावर सव्वीस वर्षं रेघा मारणारा हा माणूस, एरवी जेवला की आडवा होणारा. आज चार घासांत हात धुऊन खिडकीशी उभा. मग दाराशी. मग पुन्हा खिडकीशी.

"अहो, बसा की एका जागी," बायको म्हणाली. "पायाला भिंगरी लागलीय का?"

काय सांगणार तिला? सकाळी त्यांनी धावपट्टीच्या तोंडाशी थांब्याच्या रेघा नव्याने मारल्या होत्या. चार पिवळ्या रेघा, दोन सलग आणि दोन तुटक. धावपट्टीकडे निघालेल्या वैमानिकाला आधी सलग रेघ दिसली पाहिजे. मग परवानगीशिवाय पुढे चाक टाकायचं नाही. धावपट्टीवरून बाहेर येणाऱ्याला आधी तुटक लागते, त्याने खुशाल यावं. हे ते झोपेतही सांगतील. पण हाताला त्यांनी सोपं करून शिकवलं होतं: आपल्या पायाशी सलग, पलीकडे तुटक. एरवी काम विमानं धावपट्टीकडे येतात त्या आतल्या रस्त्याच्या बाजूने, त्यामुळे जमून जायचं. आज वाऱ्याने रंग अंगावर उडायला लागला, म्हणून रंगाची गाडी धावपट्टीच्या बाजूला घेतली. आणि मग? हाताने डोक्याचं ऐकलं की आपलंच खरं केलं? काही केल्या आठवेना. चार वाजता रस्ता विमानांना खुला होणार होता, आणि अडीच तर वाजून गेले होते.

मन खायला लागलं तेव्हा त्यांनी साहेबांना फोन लावला. तपासणीची सही साहेबांची होती.

"अहो रेघवाले, मी स्वतः बघितलंय. कसले शंकासुर तुम्ही! झोपा जरा."

"कोणत्या बाजूला उभं राहून बघितलंत, साहेब?"

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"गाडीपाशी," साहेब म्हणाले. "निघा लगेच. मी रस्ता बंदच ठेवायला सांगतो."

सव्वातीनला दोघं आतल्या रस्त्यावर, वैमानिक येतो त्या बाजूला जाऊन उभे राहिले. पायाशी तुटक रेघ. जिथे 'थांब' म्हणायचं, तिथे रेघवाल्यांनी भरधाव विमानासमोर 'जा' म्हणून ठेवलं होतं. साहेब आता आपली सालटी काढणार, या तयारीने ते मान खाली घालून उभे राहिले.

"सही माझीही आहे," साहेब एवढंच बोलले.

चुकलेल्या रेघा खरवडून नव्या मारेपर्यंत साडेपाच झाले. दोन्ही बाजूंनी तीनतीनदा बघून झालं.

"आता तरी निवांत घरी जा," साहेब म्हणाले.

रेघवाले जागचे हलले नाहीत. "बाकीचे थांबे कधी बघायचे?"

"ते जुने आहेत हो. रोज विमानं जातात त्यांच्यावरून."

"म्हणून तर," रेघवाले म्हणाले. "सव्वीस वर्षांत गाडी धावपट्टीच्या बाजूला किती वेळा घेतली, मला आठवत नाहीये." आणि गाडीत जाऊन बसले.