शिवणीत कापड राखणाऱ्या आपा

सोलापूरच्या क्रीडा इतिहासात आपांचं नाव सुवर्णाक्षरांनी लिहिलं जाईल, असं त्यांच्या निरोप समारंभात प्रमुख पाहुण्यांनी जाहीर केलं. मागच्या फलकावर मात्र देणगीदारांची नावं इतकी मोठी होती, की आपांच्या नावाला जागाच उरली नव्हती.

आपा आम्हाला रिदमिक जिम्नॅस्टिक्स शिकवत. चेंडू, रिंग, रिबन घेऊन संगीतावर करायचा हा खेळ पुष्कळांना नाच वाटे, आणि आपा त्यांची समजूत घालत बसत नसत. त्यांच्या घरी शाळेचे गणवेश शिवत. त्यामुळे आमचे स्पर्धेचे पोशाखही त्याच शिवायच्या, आणि प्रत्येक शिवणीत आतून दोन बोटं कापड जादा राखायच्या. दर तीन महिन्यांनी शिवण उसवून पोशाख सैल करून द्यायच्या. “पोरगी वाढणारच की,” म्हणायच्या, “कापडाला आधी सांगून ठेवलेलं बरं.”

तेराव्या वर्षी मी एकदम वाढले. उंच फेकलेला चेंडू हातात येईना. डोळे मिटून जमणारी गिरकी घेताना तोल जाऊ लागला. राज्य स्पर्धेची निवड जवळ आली होती. एका संध्याकाळी आमच्या क्रीडासंस्थेचे चिटणीस सराव बघायला आले, छातीवरचा बिल्ला सरळ केला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, की या खेळाला हलक्या मुली लागतात.

मी माझ्यापुरता तोडगा काढला. पोशाख सैल करावा लागला नाही, तर मी वाढलेच नाही. शाळेतला डबा मैत्रिणीला देऊ लागले. रात्री पोट दुखायचं निमित्त होतंच.

शिवण तपासायचा दिवस आला. आपांनी मला पोशाख घालायला लावला, कमरेपाशी चिमटीत धरून पाहिला आणि कात्री खाली ठेवली.

“उंची चार बोटं वाढली तुझी, आन् कापड उलटं ढिलं? जेवतेस का न्हाय?”

मग आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे ते त्यांनी विचारलं, पाळी कधी आली होती म्हणून. तीन महिने आली नव्हती. मला ती कटकट टळली असंच वाटत होतं.

त्याच संध्याकाळी त्या घरी आल्या. आईला त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे जायला सांगितलं आणि निवडीच्या यादीतून माझं नाव काढल्याचंही सांगितलं. चिटणिसांनी संघातली जागा जाईल असं बजावलं होतं म्हणे. त्यावर आपा म्हणाल्या होत्या, जागा जाऊ दे, पोरगी राहू दे.

मी रडले, भांडले, खेळच सोडते म्हणाले. आपांनी सगळं ऐकून घेतलं.

“घर बदललं की चार दिवस अंधारात दिव्याचं बटण सापडत न्हाय, बेटा. म्हणून कुणी घर सोडतं का? अंग नवीन हाय तुझं. हात फिरव, सापडंल.”

पुढचं वर्ष मी सरावाआधी त्यांच्यासमोर बसून भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. पाठीचे अवघड प्रकार त्यांनी बंद ठेवले आणि साधी फेकझेल पुन्हा पहिल्यापासून शिकवली. चौथ्या महिन्यात पाळी आली, तेव्हा आईनंतर मी त्यांनाच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि रिबन घे म्हणाल्या. उन्हाळ्यात एक दिवस चेंडू फेकला, गिरकी घेतली, आणि तो पाठीमागे धरलेल्या हातात येऊन बसला. मी आपांकडे पाहिलं. त्या दुसऱ्या कुणाचा तरी गुडघा सरळ करत होत्या.

आपा आता वैरागला मुलीकडे असतात आणि मी शाळेत खेळ शिकवते. मुलगी वाढायला लागली, चेंडू पाडायला लागली, की पालक घाबरून माझ्याकडे येतात. मी त्यांना माझी गोष्ट सांगते. शेवटी ते विचारतातच, मग पुढच्या वर्षी राज्य स्पर्धेत तुमचा नंबर कितवा आला?

पाचवा. पहिल्या चौघींची वाढ अजून व्हायची होती.