खर्च वजा करूनच बोला, म्हणणाऱ्या शेख मॅडम

प्रा. नसीम शेख मॅडमशी माझी ओळख वसमतच्या महाविद्यालयात, संख्याशास्त्राच्या तासाला झाली. गुंतवणुकीचे एक मॉडेल मी मोठ्या ऐटीत फळ्यावर मांडले होते. दर आठवड्याला शेअर बदलायचे, नफा वाढवत न्यायचा. मॅडमनी शांतपणे विचारले, "बराबर हाय. पण एवढ्या खरेदी-विक्रीची दलाली न् कर कोण भरून राहिलं?" खर्च वजा केला आणि नफाच उरला नाही. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी शेजारी बसून ते मॉडेल माझ्याकडून दुरुस्त करून घेतले.

पुढे मी त्यांचा सहकारी झालो. एकदा एका दलाली कंपनीने निवृत्त शिक्षकांचा मेळावा आमच्या सभागृहात भरवला. मॅडमनी त्यांच्या योजनेची भलामण करावी आणि कंपनीने विभागाला नवे संगणक द्यावेत, असे ठरत आले होते. मॅडमनी योजना तपासली. तिच्यात व्यवहारखर्च धरलेलाच नव्हता आणि कोणाची गरज न पाहता सगळ्यांना शेअर आणि ठेवींचे एकच मिश्रण सुचवले होते. "लोकांना एवढं कुठे कळतं? दोन शब्द बोला फक्त," कंपनीचे अधिकारी म्हणाले.

मॅडम व्यासपीठावर गेल्या आणि हे दोन्ही दोष त्यांनी सर्वांसमोर सांगितले.

कळमनुरीजवळच्या तांड्यावरचे राठोड गुरुजी गोंधळून उठले. "मंग आमी करावं काय?"

"गुरुजी, पैसा निम्मा झाला तर तकलीफ कोणाला?"

"लेकीला. डॉक्टरकी शिकून राहिली ती."

"मग तिची फी बँकेतच ठेवा. उरलेल्यातला थोडा भाग शेअरमध्ये टाका, न् त्याला सारखा हात लावू नका."

संगणक अर्थातच आले नाहीत. काही सहकाऱ्यांनी अबोला धरला. मॅडमनी तक्रार केली नाही. सुट्टीच्या दिवशी एसटीने नांदेड, परभणी गाठून त्यांनी माजी विद्यार्थ्यांकडून वापरलेले संगणक मागून आणले आणि प्रयोगशाळा उभी केलीच. दरम्यान बाजार कोसळला. गुरुजींच्या लेकीची फी मात्र एकदाही अडली नाही. आज त्या डॉक्टर आहेत आणि मॅडमच्या या गौरव समारंभाच्या स्वागताध्यक्षही.

मॅडमनी साठी गाठली, तरी निवृत्तीनंतर वारंगा फाट्यावर लोकांसाठी गुंतवणुकीचे मोफत वर्ग सुरू करायचे त्यांनी पक्के केले आहे. त्यासाठी त्यांना उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. आणि "खर्च कोण भरून राहिलं?" हा त्यांचा प्रश्न आम्हा शिष्यांना यापुढेही असाच फळ्यापाशी अडवत राहो.