हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं

आमच्या मृत्यूनोंदणी कार्यालयातल्या कारकूनबाईंना भले भले डॉक्टर टरकून असतात. मरणाचं कारण म्हणून कुणी नुसतं ‘हृदय बंद पडलं’ लिहिलं, की बाई फॉर्म परत पाठवतात. ‘हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं! कशानं, ते लिहा. कुठल्या रोगानं किती माणसं जातात, हे देशाला कळणार कसं?’ साहेब म्हणतात, ‘जाऊ द्या की, बाई.’ बाई कसल्या ऐकतात!

परवा त्यांच्या नवऱ्याचाच फॉर्म टेबलावर आला. वीस वर्षं खडीच्या क्रशरवर राबून धुळीनं फुप्फुसं गेलेला माणूस. कारण: हृदय बंद पडलं.

साहेब हळूच म्हणाले, ‘आज तरी सही करून टाका.’

बाईंनी डोळे पुसले आणि लाल पेन उचललं. ‘परत. ह्यांचं हृदय ठणठणीत होतं. धूळ लिहा.’