खालच्या कुरणातली दोन मरणं

नोकरीतली कित्येक प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. खून कुठल्या ठाण्यातला आणि पंच कुठल्या गावचा, याचा घोळ होतो. एक प्रकरण मात्र जसंच्या तसं आठवतं, आणि ते माझ्या हद्दीतलं नव्हतं, नोकरीतलंही नव्हतं. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं नवरा-बायको मुलीकडे आयर्लंडला, ॲथलोनला राहायला आलो, त्यानंतरचं. गुन्हा म्हणावा असं त्यात काही नव्हतं. पण खबर आली, जबाब झाला, घटनास्थळावर पहारा लागला, म्हणून मी त्याला प्रकरणच म्हणतो.

मुलीचं घर गावाच्या कडेला आहे. वसाहत संपली की लगेच कुरणं सुरू होतात. सकाळी फिरायला जायचो तेव्हा एका फाटकापाशी एक म्हातारा शेतकरी भेटायचा. लग्न न केलेला, उंच, जरा वाकलेला. घरात तो आणि त्याची थोरली बहीण. मांसासाठी वासरं वाढवायची आणि बाजारात विकायची हा त्यांचा धंदा. पण वासरं देणाऱ्या गाई मात्र वर्षानुवर्षं त्याच्याकडेच राहायच्या आणि प्रत्येकीला नाव असायचं. त्याचं बोलणं मला निम्मंच कळायचं, माझं इंग्रजीही त्याला तितपतच. तरी आमचं जमलं. मी पोलिसात होतो हे समजल्यापासून तो मला ‘सार्जंट’ म्हणायला लागला. मी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालो, हे त्याला अनेकदा सांगून पाहिलं. बढती काही मिळाली नाही.

एका सकाळी त्याची बहीण आमच्या दारात आली. एरवी अंडी घेऊन यायची आणि हिच्याशी तासभर बोलत बसायची. त्या दिवशी हात रिकामे होते आणि ती आत यायला तयार नव्हती. खालच्या कुरणात एक कालवड मरून पडली आहे, भाऊ म्हणतो पोट फुगून मेली, आणि आता ट्रॅक्टरला साखळी लावून ती ओढून न्यायला निघाला आहे, असं तिने सांगितलं. गुरांच्या डॉक्टरांना बोलवू देत नाही.

“गेल्या आठवड्यातही एक गेली,” ती म्हणाली. “त्या दिवसापासून तो माझ्याशी धड बोलत नाही. तुम्ही विचारा. तुम्हाला सांगेल.”

खबर देणाऱ्या माणसाकडे आधी नीट बघावं, ही माझी जुनी सवय. काही लोक कुणाला तरी अडकवायला येतात. ही भावाला वाचवायला आली होती.

मी कुरणाच्या कडेला पोहोचलो तेव्हा तो साखळी सोडवत होता. कालवड मी लांबूनच पाहिली आणि जागीच थांबलो. पोट टम्म फुगलेलं. मरून बराच वेळ झालेला असूनही पाय ताठरले नव्हते. नाकातून काळपट रक्त आलं होतं आणि ते गोठलेलं नव्हतं.

हे मी पूर्वी पाहिलं होतं. नोकरीत असताना आमच्या हद्दीतल्या एका पाड्यावर शेळ्या अशाच पटापट मेल्या. लोकांनी त्या सोलल्या, मांस वाटून घेतलं, आणि मग माणसांच्या हातांवर फोड उठले. आम्ही बंदोबस्ताला होतो. पशुवैद्यकीय पथकातले डॉक्टर आम्हाला सतत बजावत होते, की असं मेलेलं जनावर उघडलं की रोग हवेत आणि मातीत मोकळा सुटतो, आणि मातीत तो पिढ्यानपिढ्या टिकतो. इंग्रजीत अँथ्रॅक्स. आमच्याकडे जनावराला झाला तर फाशी म्हणतात, माणसाच्या अंगावर उठला तर काळपुळी.

मी त्याला एवढंच म्हणालो, की साखळी राहू दे, आधी चहा पाज. तो साखळी खाली ठेवून घराकडे चालू लागला.

स्वयंपाकघरात बहिणीने चहा ओतला. कप घेताना त्याची बाही वर सरकली आणि मनगटाच्या वर मला तो फोड दिसला. मधोमध काळा, कोळशासारखा, आणि भोवती सूज. बहीण म्हणाली, कुंपणाचा काटा लागलाय.

“दुखतो?” मी विचारलं.

“अजिबात नाही. मी ग्रँड आहे, सार्जंट.”

ग्रँड म्हणजे इथे मजेत. एवढा सुजलेला फोड आणि दुखत नाही. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

चौकशीत माणसाला थेट गुन्ह्याबद्दल विचारलं की तो दार लावून घेतो. त्याला जे प्रिय आहे, त्याबद्दल विचारावं. मी गेल्या आठवड्यात मेलेल्या गाईचं नाव विचारलं. ते मी इथे लिहीत नाही. या आठवणींत कुणाचंच नाव घ्यायचं नाही असं ठरवलं आहे, गाईचंही नाही. त्याने नाव सांगितलं. मग आपणहून बोलू लागला. ती त्याची सगळ्यात जुनी गाय. बाटलीने दूध पाजून वाढवलेली. या वेळी गाभण होती, दिवस भरत आले होते. सकाळी गेला तर पडलेली, अंग अजून गरम.

“वासरू आत जिवंत असेल असं वाटलं,” तो म्हणाला. “खिशात सुरी होती. मी तिचं पोट फाडलं.”

बहिणीने किटली खाली ठेवली.

वासरू मेलेलंच होतं. दोघांना त्याने तिथेच कुरणाच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरलं. मेलेलं जनावर स्वतःच्या शेतात असं पुरायला इथे बंदी आहे, हे त्याला माहीत होतं. पण ते न्यायला येणाऱ्या गाडीवर तिला साखळीने चढवलेलं त्याला बघवलं नसतं. नंतर दुसरी मेली तेव्हा तो घाबरला. सरकारी लोक आले तर सगळा कळप नेतील, असं त्याने मनाशी धरलं होतं.

त्या कोपऱ्यातली माती यंदाच्या वसंतात चर काढताना उकरली होती, हेही बोलण्यात निघालं. बहीण हळूच म्हणाली, वडील त्या कोपऱ्यात कुदळ लावू देत नसत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि यांनी कधी विचारलं नाही.

मी त्याला रोगाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, ते तर लढाईतलं विष, बातम्यांतलं. गाईगुरांचा मूळचा रोग आहे तो, हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्याच्या हयातीत त्या भागात कुणी पाहिलाच नव्हता, तर ठाऊक असणार कसा?

“कळपाचं काय होईल ते मला माहीत नाही,” मी म्हणालो. “पण हा हात घेऊन तू आज दवाखान्यात गेला नाहीस, तर कळप बघायला तू नसशील.”

त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने फोन त्याच्यासमोर ठेवला. पशुवैद्याला फोन त्याने स्वतः केला आणि गाय उघडल्याचंही स्वतःच सांगितलं. पलीकडून रागाचा एक शब्द आला नाही. जनावराला हात लावू नका, बाकीची दुसऱ्या कुरणात हलवा, कुत्री बांधा, आम्ही निघालोच, एवढंच. बहिणीने त्याचा रक्ताचा शर्ट धुतला होता. तिलाही भावाबरोबर दवाखान्यात जायला सांगितलं. माझी मुलगी ऑफिसमधून आली आणि दोघांना घेऊन गेली.

मी फाटकावर उभा राहिलो. वाऱ्याची दिशा बघून लांब, हातात काठी, कावळे हाकत. कित्येक वर्षांनी घटनास्थळ राखत होतो. हिने थर्मास आणून भिंतीवर ठेवला आणि म्हणाली, “अहो, निवृत्त झालात ना?” नंतर इथल्या पोलीस दलातली एक तरुण अधिकारी आली. तिने रस्ता बंद केला आणि मी काय पाहिलं, कुठून पाहिलं, कशाला हात लावला का, हे क्रमाने लिहून घेतलं. जबाब देताना मला बरं वाटलं. पोरगी कामाची पक्की होती.

पशुवैद्याने शव न उघडता कानातून रक्ताचा थेंब घेतला. तपासणीत तोच रोग निघाला. कालवडीची आणि पुरलेल्या गाईची विल्हेवाट सरकारी पथकाने लावली, तो कोपरा कुंपण घालून कायमचा बंद केला. बाकीच्या गुरांना औषध आणि लस दिली. कळप कुणी नेला नाही. काही आठवडे फाटक बंद राहिलं, बाजार बुडाला, पण गाई राहिल्या. म्हातारा दवाखान्यातून परतला तेव्हा हातावर व्रण होता. बहिणीचं गोळ्यांवर निभावलं.

सुरुवातीला शेजारी त्या रस्त्याने जायचं टाळत. तेव्हा त्याने एक गोष्ट केली, जी मला जमली असती की नाही कोण जाणे. गुरांच्या बाजारात शेतकऱ्यांची बैठक होती. पशुवैद्याचं बोलून झाल्यावर हा उठला, बाही वर केली आणि म्हणाला, “जनावर अचानक मेलं तर सुरी बाहेर काढू नका. त्याच्यावर कितीही जीव असला तरी. आधी फोन करा.” एवढंच बोलून खाली बसला. गाईचं नाव मात्र त्याने तिथे घेतलं नाही.

काही महिन्यांनी पलीकडच्या गावातल्या एका शेतकऱ्याचा बैल असाच अचानक मेला. त्याने हात न लावता फोन केला. तपासणीत निघालं, की कुणीतरी विषारी झाडाच्या छाटलेल्या फांद्या कुंपणापलीकडे टाकल्या होत्या, त्या बैलाने खाल्ल्या. उगाच सगळ्यांना धावायला लावलं म्हणून तो माणूस ओशाळला होता. आमचा म्हातारा मुद्दाम गाडी काढून त्याच्याकडे गेला, मला बरोबर घेऊन. म्हाताऱ्याने त्या माणसाचा हात धरला आणि पुढच्या वेळीही असंच कर म्हणाला.

ठाण्यात अशी खबर आली, की चौकशीअंती ‘निरंक’, म्हणजे काही आढळलं नाही, असा शेरा मारून आम्ही ती बंद करायचो आणि कटकट संपली म्हणायचो. त्या दिवशी परतताना वाटलं, की ज्या भागातून लोक न घाबरता, न लाजता अशा निरंक खबरी देतात, तिथे पहाऱ्याला पोलीस लागत नाही.