पुढून म्हातारा, मागून तरणा

त्या ट्रॅक्टरची आठवण निघाली की आजही माझं डोकं फिरतं. चोरीचा राग आहेच, पण त्याहून जास्त राग आहे तो फिर्यादी बाईच्या दिराचा.

मी तेव्हा चाकणजवळच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. राजगुरुनगरकडच्या एका गावातली विधवा बाई तक्रार घेऊन आली. ती लग्नाला गेली असताना भरदिवसा शेडमधून तिचा जुना ट्रॅक्टर गेला होता. ठाणे अंमलदार तिला समजावत होता, "मावशी, भंगार होतं ते. कशाला कोर्टकचेरी?"

"भंगार आसंल सायेब," बाई म्हणाली, "पर दीर चावडीवर सांगतोय, त्यात त्याचाबी वाटा हुता, आन मीच तो गुपचूप ईकून पैसं लेकीच्या घरी पोचवलं. गाव मला चोर म्हणतंय. ट्रॅक्टर न्हाई घावला तर मला तितं ऱ्हायचं तोंड न्हाई."

अंमलदाराला मी तिच्यादेखत झापलं आणि गुन्हा दाखल करायला लावला. वस्तूची ओळख म्हणून त्याने फिर्यादीत काय लिहावं, तर 'लाल रंग'. अरे, रंग बदलायला कितीसा वेळ लागतो? मी स्वतः बाईचा पुरवणी जबाब घ्यायला बसलो. विचारलं, "मावशी, त्याचं कधी काही मोडलं होतं का?"

"मागचं हौशिंग फुटलं हुतं. चिखलात रुतल्याला उसाचा ट्रक वढताना. मग मालकांनी भंगारातनं दुसरं आणून बशिवलं, नव्या गाडीचं. म्हणायचे, आपला गडी पुढून म्हातारा आन मागून तरणा." एवढं बोलून ती हसली आणि लगेच डोळ्याला पदर लावला. हौशिंग म्हणजे गिअरच्या मागचं बिडाचं जाड कवच. मी तिचा शब्द न् शब्द लिहून घेतला.

पुढे एका ट्रेलरवाल्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, इकडं एका फार्महाऊसवर जुने ट्रॅक्टर रंगवून मांडलेत. शनिवार-रविवारी हिंजवडीची पोरं फोटो काढायला येतात. एक नवीन आलाय, ताडपत्रीखाली झाकून आणला होता."

आम्ही गेलो. मालक शिकलेला, इंजिनिअर, बोलायला गोड. जुन्या ट्रॅक्टरांचा जाणकार म्हणून मिरवायचा. प्रत्येक ट्रॅक्टरपुढे सालाची पाटी. नवीन आलेला निळ्या रंगात चकचकत होता, कागदपत्रंही तयार होती. वर त्याने मलाच शिकवायला घेतलं. "नंबरपट्टी कुणीही बदलतो, साहेब. वय बघायचं तर बिडात बघायचं. ओततानाच साच्यातून आकडे उठतात. इंजिनच्या ब्लॉकवर, गिअरबॉक्सवर, मागच्या हाउसिंगवर. ते खोटं बोलत नाहीत."

माझ्या वडिलांची हयात भोसरीच्या फाउंड्रीत गेली. ते आकडे मी चड्डीत असल्यापासून बघितलेत. पण मी मान डोलावली आणि विचारलं, "मग याचे सगळे भाग एकाच सालचे?"

"शंभर टक्के. एक भाग बदललेला असता तर मी दारात उभा केला नसता."

"तसं जबाबात लिहू?"

"लिहा की." त्याने ऐटीत सहीही ठोकली.

इथेच तो फसला. 'जुनी गाडी आहे, भाग बदलतातच' एवढं तो बोलला असता तर माझी पंचाईत झाली असती. पण त्याला मिरवायचं होतं.

पंचांना घेऊन मी खाली वाकलो. ब्लॉकवर आकडे होते, पाटीवरचंच साल. मागच्या हाउसिंगवर मात्र आकड्यांच्या जागी गुळगुळीत रंग. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर पुट्टीचा पापुद्रा गळून पडला आणि खालून कितीतरी पुढचं साल निघालं. मी ते पंचांना मोठ्याने वाचायला लावलं.

"अहो, जुन्या गाडीत भाग बदलतातच," तो म्हणाला. मी त्याचीच सही त्याच्यासमोर धरली आणि मग बाईचा जबाब वाचून दाखवला.

ठाण्यात आणल्यावर त्याने माल आणून देणाऱ्या भंगारवाल्याचं नाव सांगितलं. मोडीत गेलेल्या दुसऱ्याच ट्रॅक्टरची कागदपत्रं याला चिकटवली होती, तेही कबूल केलं. वर म्हणतो कसा, "मी तो वाचवला, साहेब. तिथे गंजून गेला असता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमच्या हौसेपायी तिकडे एक बाई चोर ठरली," मी म्हणालो. त्याने खांदे उडवले. त्या खांद्यांकडे बघून मी हात कसे आवरले ते माझं मला माहीत.

कोर्टाच्या हुकमाने ट्रॅक्टर बाईच्या ताब्यात दिला, तेव्हा मी मुद्दाम गावात गेलो. दीर हसत पुढे आला. "मिळाला ना वहिनी? झालं गेलं, सोडा आता."

मी त्याला चारचौघांत बजावलं, "चावडीवर चोर म्हणालास, आता चावडीवरच माफी माग." त्याने खिशातून मोबाइल काढला आणि "बघू" म्हणत चालता झाला. भल्याभल्यांना मी बोलतं केलं, पण या माणसाच्या तोंडून एवढं एक वाक्य मला काढता आलं नाही.

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत, वस्तू चोरीला गेलेल्या माणसाला मी आधी तिचा रंग विचारला नाही. तिचं काय मोडलं होतं, कुणी दुरुस्त केलं, हे विचारलं. घरातल्या माणसाला ते पक्कं ठाऊक असतं.

मध्यंतरी त्या गावावरून जाणं झालं. बाईने ट्रॅक्टर पुन्हा लाल केलाय. फक्त मागच्या हाउसिंगवर रंग लावलेला नाही, आकडे उघडे ठेवलेत. मी त्याकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"रोज सकाळी अस्साच लावते, सायेब," ती म्हणाली. "मागची बाजू भावजींच्या दाराकडं करून."