टायरची हवा आणि माझा हातगुण

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही — सख्ख्या बहिणीलाही नाही. सांगू का? सांगतेच. हसलात तर हसा, मलाही अजून हसू आवरत नाही, हीच तर पंचाईत आहे.

नाते गावात आमच्या दारात गाडी आली तेव्हा माझ्याकडे लायसन्स होतं. महाडला क्लास लावून रीतसर शिकले होते मी. पण स्टिअरिंग? नाव नको! आमचे हे रोज सकाळी पूजा आटोपली की गाडीत बसून समोरच्या छोट्या पडद्यावर चारही टायरांची हवा बघायचे. तेहतीस, तेहतीस, तेहतीस, तेहतीस. मग स्वारी खूश. माझ्याकडे काचा पुसायचं काम.

आणि मला काय हवं होतं? वरंधला, माझ्या माहेरी, भाचीच्या साखरपुड्याला स्वतः गाडी चालवत जायचं होतं. भावजयांच्या डोळ्यांदेखत. बस्, एवढंच!

आदल्या दिवशी दुपारी हे झोपले होते. मी गाडीत नुसती बसले, बटणं दाबत. एका ठिकाणी पडद्याने विचारलं — हवा कोणत्या मापात दाखवू? मी दुसरं माप निवडलं. तेहतीसचे झाले दोन पॉइंट तीन. हवा तेवढीच, माप तेवढं बदललं. हे चुकून झालं, असं मी स्वतःला सांगत आले. चुकून कसलं?

संध्याकाळी यांनी बघितलं आणि तोंडचं पाणीच पळालं. "अगो, हवा गेली! चारी टायरांची!" पंक्चरवाल्याने मीटर लावून सांगितलं, "काका, तेहतीस हाय, काय झालं नाय." तरी पडद्यावर आपले दोन पॉइंट तीनच. मग यांनी निदान केलं — गाडीला दृष्ट लागली! मीठ-मोहऱ्या घेऊन टायरांवरून ओवाळायला मलाच लावलं. मी ओवाळल्या. तोंडात पदर कोंबून, एकेक टायर करत, चारही वेळा.

मग म्हटलं, मी बसून बघते जरा. हे मागच्या टायरापाशी वाकले होते, तेवढ्यात मी माप पूर्वीचं केलं. तेहतीस! यांच्या डोळ्यांत पाणी आलं हो. "माझा हात लाभत नाय हिला. उद्यापास्नं तूच चालव," म्हणाले आणि चावी माझ्या हातावर ठेवली. तेव्हा बोलायला हवं होतं — एका वाक्याचं तर काम! नाही बोलले.

आणि काय सांगू, बिरवाडी मागे टाकून वरंधकडे निघाले तेव्हाचा तो आनंद! काचा खाली, हवा तोंडावर, आणि पायाखाली माझी गाडी. भावजया अंगणात बघतच राहिल्या. हे माझ्याआधी उतरून सगळ्यांना सांगत सुटले, "हिच्या हाताला गुण हाय!"

तेव्हापासून गाडी मीच चालवते. हे शेजारी बसतात, येईल त्याला माझं कौतुक ऐकवतात. यांना गाडीचं किती वेड — मला ठाऊक नव्हतं? होतं की.

परवा बघितलं तर बंद गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि हळूच डावीकडे वळण घेत होते. मला बघून ओशाळून उतरले. "काय नाय गो, सहज," म्हणाले.

मी चावी घेतली. गाडीत बसले, आणि महाडच्या बाजाराला निघाले — गाणं गुणगुणत.