झोपेचा साक्षीदार

आमच्या ट्रकतळावर सगळे त्याला गोगलगाय म्हणत. एक तर तो गाडी कधी पळवत नसे, आणि दुसरं म्हणजे घर पाठीवर घेऊन फिरत असे. सीटच्या मागे फळीएवढा बिछाना, तेच त्याचं घर. भाड्याची एक खोली होती, पण तिथे तो कपडे ठेवण्यापुरता जायचा. मी फाटकाशी वजनकाट्यावर बसायचो. नोकरीभर त्याच्या गाडीचं वजन केलं, त्याच्याशी बोललो मात्र खिडकीतूनच. लिहिण्याची मला सवय नाही, पण त्याच्याविषयी दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

अवजड गाडी चालवणाऱ्याला ठरावीक मुदतीने डॉक्टरी दाखला घ्यावा लागतो. डोळे, कान, लघवी, रक्तदाब, सगळं तपासतात. दाखला नाही तर गाडी नाही. गोगलगाय हसत जायचा आणि हसत यायचा. त्याच्या वयाचे बहुतेक चालक कधीच घरी बसले होते. तो म्हणायचा, "मी उतरून जाऊ कुठे?"

यंदा डॉक्टरीणबाई नवीन होत्या. त्यांनी टेप काढून त्याच्या गळ्याचं माप घेतलं. पुढचं त्यानेच मला सांगितलं.

"शर्ट शिवताय का, बाई?"

"गळा जाड आहे, रक्तदाबही वाढलाय. घोरता का? झोपेत श्वास अडकतो?"

"मला कसं कळणार? मी झोपलेला असतो."

"मग घरचे काय म्हणतात?"

"घरी भिंती आहेत. त्या काही म्हणत नाहीत."

"आणि बायको?"

"होती तेव्हा तिच्या वाट्याला मी महिन्यातून चार दिवस. घोरलो तर तिला बरंच वाटायचं, घरात कोणीतरी आहे म्हणून."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, हे दाखले देता यावेत म्हणून मलाही परीक्षा द्यावी लागते, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. उद्या गाडी चालवताना तुम्हाला डुलकी लागली, तर दाखल्यावर सही माझी असणार. तुम्हाला झोपलेलं ज्याने पाहिलंय, अशा कोणाला तरी घेऊन या. मग ठरवते."

एवढ्या आयुष्यात असं माणूस त्याला सापडेना. बहीण होती, पण दूर. "ती काय फोनवर माझं घोरणं ऐकणार?" तो माझ्या दारात उभा राहून म्हणाला. बराच वेळ चपला काढू की नको करत होता. मग एकदम म्हणाला, "तू बस ना."

"मीच का?"

"काट्यावर तू कधी कोणासाठी किलोभर इकडचं तिकडं केलं नाहीस. तू सांगशील ते मीही मानेन."

निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे कोणी काही मागायला आलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या खोलीवर गेलो. तो पडला, कूस बदलली, उठून पाणी प्यायला. "अरे, तू असा बघत बसलास तर झोप येईल का?" मी भिंतीकडे तोंड केलं. तरी नाही. शेवटी म्हणाला, "चल गाडीत."

ज्या गाडीचं वजन मला तोंडपाठ होतं, तिच्यात मी पहिल्यांदा चढलो. आरशाच्या दांडीला दात घासायचा ब्रश बांधलेला होता. एकच कप होता, एकच ताटली. मी त्याच्या सीटवर बसलो आणि तो मागे आडवा झाला. पाठ टेकली न टेकली तोच घोरायला लागला.

पहिल्या गिअरमध्ये गाडी चढ चढते तसा आवाज होता. मला हसू आलं. मग आवाज थांबला. इंजिन बंद पडावं तसा. मी वाट पाहिली. त्याची छाती हलत होती, पण श्वास येत नव्हता. माझाही श्वास तेवढा वेळ अडकला होता. त्याचा पाय हलवायला मी हात पुढे केला, तेवढ्यात हिसका बसून तो पुन्हा सुरू झाला. आणि थोड्या वेळाने पुन्हा थांबला. असं कितीदा झालं ते मी मोजलं नाही. दर वेळी माझा हात मात्र पुढे जात होता.

उठल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं.

"श्वास थांबतो रे तुझा," मी म्हणालो.

बाईंसमोरही मी तेच सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही यांचे कोण?" "मी काट्यावरचा," म्हणालो.

दाखला अडकला. मोठ्या दवाखान्यात झोपेची तपासणी, मग नाकावर मुखवटा लावून हवा देणारं यंत्र. ते नियमाने वापरलं आणि रक्तदाब उतरला, तर वर्षभराचा दाखला. जिना उतरताना गोगलगाय म्हणाला, "तुला खोटं बोलता येत नाही हे माहीत होतं. म्हणजे चूक माझीच. तळावर इतके थापाडे असताना तुझ्याकडे आलो!"

त्यानंतर तो माझ्याकडे फिरकला नाही. त्याची गाडी तळाच्या कोपऱ्यात उभी असायची, काचेवर धूळ. मी रोज तिकडून एक चक्कर मारायचो, उगाच.

उन्हाळा सरता सरता तो आला तो दाखला हलवत. चेहरा दहा वर्षांनी तरुण झालेला. "इतकी वर्षं मी झोपत होतो असं मला वाटत होतं रे!" यंत्राविषयी म्हणाला, "सगळं त्यालाच कळतं. आता कोणी बसायला नको." मला आनंद झाला. खरंच झाला. पण थोडं काहीतरी निघूनही गेलं.

जाताना दारात वळून म्हणाला, "आणि तुझं कोण ऐकतं?"

"माझं काय ऐकायचंय?"

"परत आलो की बसतो."

असं लोक म्हणतात. पण परवा दुपारी तो खरंच आला, खुर्ची ओढून पलंगाशी बसला. "झोप," म्हणाला. मला झोप येईना. पण तसं सांगितलं असतं तर तो उठला असता. मी डोळे मिटले आणि एकसारखा श्वास घेत राहिलो. खुर्ची मधूनच करकरायची. ऊन भिंतीवर वर चढेपर्यंत तो बसला होता.

"उत्तम," शेवटी तो म्हणाला. "कुठे थांबत नाही."

मी डोळे चोळत उठलो, झोपेतून उठल्यासारखा.